काचेपलीकडची मीटिंग

मीटिंग हा शब्द या घरात साहेबांनी आणला. त्याआधी भांडण या एका शब्दावर सगळ्यांचं छान भागत होतं. वहिनी, म्हणजे दादांची बायको, होत्या तोवर भांडण लावायच्या त्याच, मिटवायच्याही त्याच, आणि बाकीच्यांनी चहा पिऊन आपापल्या घरी जायचं असा शिरस्ता होता. वहिनी गेल्या आणि शिरस्ताही गेला. आता साहेब फोन करून सांगत, "रविवारी दुपारी मीटिंग, दादाच्या खोलीवर, सगळ्यांनी वेळेवर या," आणि ज्याच्याबद्दल मीटिंग तो माणूस सोडून सगळ्यांना कळवत.

साहेब म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. पाणीपुरवठा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. 'साहेब' हे नाव वहिनींनी थट्टेत ठेवलं होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं. निवृत्तीनंतर त्यांनी दोन नव्या गोष्टी धरल्या, सकाळचं पोहणं आणि मिशी. पोहण्याने खांदे रुंद झाले आणि मिशी वाढत वाढत ओठ झाकून खाली उतरली. सत्तरीतला हा गृहस्थ दादांचा जिना अजून धावत चढायचा.

त्या रविवारी साहेब चढून यायच्या आधीच सून येऊन बसली होती. बसली कसली, उभीच होती. मोठ्या दुकानात गल्ल्यावर आठवडाभर उभं राहायचं आणि रविवारी सासऱ्यांच्या मोरीत उभं राहायचं, एवढाच तिच्या आठवड्यात फरक. ती किटली घासत होती. किटली बाहेरून काळी, आतून काळी, आणि तळाला अशी करपली होती की घासणीच झिजत होती.

"टाकून दे ती," आत्या म्हणाली. आत्या ही दोघा भावांच्या मधली बहीण. ती दारातल्या स्टुलावर बसून नुसती सूचना करत होती.

"टाकून दिली की नवी आणायला मलाच जायचं आहे ना," सून म्हणाली. "आणि नवीही अशीच जाळणार. शिट्टी वाजून वाजून शेजारच्यांनी भिंती ठोकल्या, आत्या. खालचा शिंपी वर येऊन दार बडवत होता. बाबा आत शांतपणे पेपर वाचत बसलेले. यांना बस सोडून यावं लागलं, कडी तोडली तेव्हा आत गेलो. आणि तेव्हा मलाच म्हणतात, दार का तोडलं?"

"विसरला असेल."

"परवा नळ विसरले. शिंप्याचं कापड भिजलं. रोज काहीतरी विसरतात." तिने घासणी आपटली. "बरं, एकदम खुळावलेत म्हणावं तर तसंही नाही. कधी अगदी शहाण्यासारखं बोलतात. कधी मी भांडी घासता घासता दहादा विचारते, बाबा, औषध घेतलं का, औषध घेतलं का, तर हूं नाही की चूं नाही. डॉक्टर म्हणतात हा आजार असाच असतो, येऊन जाऊन. माझा जीव मेटाकुटीला आलाय."

"माझ्याशी तर तो नीट बोलतो," आत्या म्हणाली.

हे वाक्य आत्या प्रत्येक वेळी म्हणायची आणि प्रत्येक वेळी सगळे दुर्लक्ष करायचे. आत्याशी तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळेच नीट बोलत. दात काढणाऱ्या डॉक्टरनेही म्हणे तिच्याशी दोन तास गप्पा मारल्या होत्या. सुनेने मान हलवली आणि पुन्हा किटलीला भिडली.

बाहेरच्या खोलीत दादा आपल्या खुर्चीत बसले होते. साहेबांपेक्षा ते चारच वर्षांनी मोठे, पण ती चार कोणालाही वीस वाटली असती. मिसरूड फुटायच्या आधी ते मागाच्या कारखान्यात लागले आणि कारखाना बंद पडला तेव्हाच बाहेर पडले. साहेबांचं कॉलेज, वसतिगृह, पहिला सूट, सगळं त्या मागांवर विणलं गेलं होतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती आणि म्हणूनच कोणी ती काढत नसे.

साहेब आले, पाठोपाठ मुलगा आला. मुलगा म्हणजे दादांचा एकुलता एक. शहराची बस चालवायचा, पन्नाशीच्या आतच पाठीला पट्टा लागला होता आणि साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. तो आला आणि वडिलांकडे न बघता चपला काढून भिंतीला टेकून बसला.

"काय दादा, कसा आहेस?" साहेबांनी खणखणीत आवाजात विचारलं.

दादांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "झालं," ते म्हणाले. "मघाशीच जेवलो."

साहेबांनी सगळ्यांकडे एक नजर टाकली. बघा, असा तिचा अर्थ होता.

"अरे, कसा आहेस विचारतोय! तब्येत! तब्येत!"

साहेबांच्या मिशीचे केस आवाजाबरोबर हलले. दादांनी थोडा वेळ त्या केसांकडे पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. हे त्यांचं जुनंच. भांडण कितीही रंगात आलं तरी ते डोळे मिटायचे, आणि मग वहिनीसुद्धा गप्प बसायच्या.

"हे असं," साहेब म्हणाले. "डॉक्टरांकडेही हेच केलं. चला, गॅलरीत बसू. त्याच्यासमोर बोलायला बरं वाटत नाही."

*

गॅलरी म्हणजे कठड्याला लागून तीन खुर्च्या मावतील एवढी जागा. तिला काचेचं सरकतं दार होतं. साहेबांनी ते स्वतःच्या हाताने घट्ट लावून घेतलं. दुपारचं ऊन बाजूने थेट चौघांच्या तोंडावर येत होतं. आत सावलीत दादांची खुर्ची दिसत होती. त्यांनी आता डोळे उघडले होते.

"मुद्द्याचं बोलतो," साहेब म्हणाले. "गावाबाहेर एक निवास आहे. विसरण्याचा आजार झालेल्यांसाठीच आहे. बाग आहे, नर्स आहेत, दारांना कुलपं असतात म्हणजे कोणी भरकटत नाही. खर्चाचं माझ्यावर सोडा. त्यांच्या बाई आज चार वाजता त्याला बघायला येताहेत."

"आज?" आत्या म्हणाली. "मग मीटिंग कशाला ठेवलीस? नुसतं कळवायचं ना!"

"ताई, प्रत्येक गोष्टीत फाटे फोडू नकोस. तू नव्हतीस डॉक्टरांकडे. मी होतो. डॉक्टर बिचारे मास्क लावून, संगणकात टिपत, एकेक प्रश्न विचारत होते. आज वार कोणता? हा घराचा पत्ता सांगतो. शंभरातून सात वजा करा, तर म्हणे दोन वेळा उठावं लागतं रात्री. आणि मग डॉक्टरांवरच खेकसला, 'ते तोंडावरचं काढा आधी!' मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली त्यांची."

एक गोष्ट साहेबांनी सांगितली नाही. दवाखान्यातल्या मुलीने त्यांना सांगितलं होतं, "वडिलांना घेऊन आत या." आणि साहेबांनी ती चूक दुरुस्त केली नव्हती. हो म्हणून ते वडिलांना घेऊन आत गेले होते. तेव्हापासून त्यांना आरशात बघताना स्वतःचाच राग येत होता, आणि राग आला की साहेब व्यवस्था करायला घेत.

"कुलपं कशाला पण?" सून म्हणाली. निवास नको असं तिचं म्हणणं नव्हतं, पण साहेबांनी महिन्यातून एकदा यायचं आणि सगळं ठरवून मोकळं व्हायचं याने तिच्या डोक्यात तिडीक गेली. "काका, इतके दिवस कोण आलं? मी आले. माझ्या पायांच्या शिरा बघा, दोऱ्यासारख्या वर आल्यात. दुकानात बसायला स्टूल नाही आणि इथे जिन्याला कठडा नाही. तरी मी कधी म्हटलं का, कुलपात घाला म्हणून?"

"मग तू सांग काय करायचं."

"मला विचारता? आता विचारता?"

"मी नेते त्याला माझ्याकडे," आत्या ताडकन म्हणाली. "माझा भाऊ आहे. कुलपात नाही राहणार तो."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. सुनेचा चेहरा एकदम उजळला. क्षणभर गॅलरीत दोन बायका एका बाजूला आणि दोन पुरुष दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी झाली.

"कुठे झोपवणार?" साहेबांनी विचारलं.

"पुढच्या खोलीत."

"तिथे तुझा नातू झोपतो. तुझ्या सुनेला विचारलंस?"

"विचारीन."

"आणि किटली? गॅस? घरात लहान मूल आहे तुझ्या."

आत्याने मोरीच्या दिशेने पाहिलं. काळी किटली तिथे पालथी घातली होती. नातवाचं नाव निघालं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती पदराशी चाळा करत बसली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "नर्सा चांगल्या आहेत का पण तिथल्या?"

सुनेने कपाळावर हात मारून घेतला. "झालं! काढलंत अंग!"

"अगं, मी काय म्हणते..."

"काही म्हणू नका."

आता सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. तो इतका वेळ मूग गिळून बसला होता. रोज शेकडो माणसांना त्यांच्या ठिकाणी सोडणारा हा माणूस घरात एक वाक्य बोलायचं म्हटलं की अडायचा.

"तुमचे बाबा आहेत," सून म्हणाली. "बोला काहीतरी."

"काय बोलू?" तो म्हणाला. मग एकदम, स्वतःलाही नको असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं. "इथे राहिले काय नि तिथे राहिले काय, त्यांना काय फरक पडणार आहे? माझ्याशी त्यांना कधी बोलायचंच नव्हतं. आज नाही, लहानपणापासून. काही सांगायला जावं तर वळूनही बघायचे नाहीत. जे काही सांगायचं ते आईला, मग आई त्यांना सांगायची. आई गेली, संपलं." त्याचा आवाज चिरका झाला, त्याची त्याला लाज वाटली. "काकांनी ठरवलंय ना? मग होऊ दे."

सुनेला नवऱ्याचा राग आला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. लग्नाला इतकी वर्षं होऊन हे तिला माहीत नव्हतं, याचा तिला आणखी राग आला. "ठीक आहे," ती थकून म्हणाली. "येऊ देत त्या बाई. माझ्यानेही आता होत नाही."

*

आत, खुर्चीत, दादांनी हे सगळं पाहिलं.

ऐकलं नाही, पाहिलं. मागाच्या कारखान्यात धोटे इकडून तिकडे धडाधड आपटत असतात तिथे कोणी कोणाला ऐकत नाही. तिथे माणसं ओठ मोठे करून, आवाज न काढता बोलतात, आणि समोरचा ते बघून समजतो. एका टोकाच्या मागावरून दुसऱ्या टोकाला विनोद जायचे, मुकादमाला शिव्या जायच्या, आणि सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांच्या रांगेतून एक मुलगी दादांना रोज विचारायची, डबा खाल्ला का. तिचा आवाज कसा आहे ते दादांना लग्न ठरल्यावर कळलं. पुढे कानांनी हळूहळू काम सोडलं, आणि तो आवाज पुन्हा गेला. गेला तेव्हा त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण घरी ती तशीच बोलायची, समोर येऊन, ओठांनी. मुलगा काय म्हणाला, शाळेतून काय आलं, दारात कोण आहे, सगळं तिच्या तोंडून. मागावरून उठलेल्या माणसाला ऐकू येत नाही ही काय कोणाला सांगायची गोष्ट असते? त्यांच्या रांगेतल्या एकालाही येत नव्हतं. दादांना वाटे, घरात सगळ्यांना माहीतच आहे.

ती गेल्यावर मात्र घरातली माणसं विचित्र वागायला लागली. पाठ करून बोलायची. न सांगता दारं तोडायची. त्या डॉक्टरने तर तोंडाला फडकं बांधून परीक्षा घेतली, आणि ते काढा म्हटलं तर धाकट्याने त्याची माफी मागितली. कसली माफी, ते दादांना आजवर कळलं नव्हतं.

आता कळलं. उन्हात तिघांचे ओठ लख्ख दिसत होते. साहेबांचं मात्र एक अक्षर लागत नव्हतं, नुसते केस हलत होते. पण बाकीच्यांच्या बोलण्यावरून मधल्या जागा भरायला दादांना काही कठीण गेलं नाही. कुलूप. नर्सा. आज एक बाई.

आणि मुलाचं बोलणं. ते त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, आणि त्यांना असं वाटलं की कोणी तरी छातीवर गुडघा टेकवून बसलंय. वळूनही बघायचे नाहीत, म्हणाला. लहानपणापासून, म्हणाला.

दादा उठले. गुडघे मागाच्या काळापासून कुरकुरत होते, त्यांना उठायला वेळ लागला. मग त्यांनी काचेचं दार सरकवलं.

*

"तुझ्या पायांचं मला कधी सांगितलं नाहीस," दादा सुनेला म्हणाले. "शिरा वर आल्यात तर हा जिना दर रविवारी कशाला चढतेस?"

सून खुर्चीतून अर्धवट उठली ती तशीच राहिली.

"आणि तू," ते आत्याकडे वळले. "घरी सुनेला न विचारता मला न्यायला निघालीस, आणि किटली बघून पाय काढता घेतलास. लहानपणी पण अशीच होतीस."

"अरे देवा," आत्या म्हणाली.

"दार नीट लागलं नव्हतं," साहेब पुटपुटले. "फट राहिली असणार."

"याचं काय चाललंय ते मला अजून कळलेलं नाही," दादा साहेबांकडे बोट करून म्हणाले. "याच्या तोंडावर ती झाडणी आहे. तुम्ही तिघं बोललात ते सगळं दिसलं."

"दिसलं म्हणजे?" सून म्हणाली.

"म्हणजे दिसलं. ऐकू कुठे येतंय मला? कारखान्यात होतो मी, दवाखान्यात नाही."

गॅलरीत अशी शांतता पसरली की खालच्या शिंप्याच्या मशीनची टकटक वर आली. ती चौघांना ऐकू आली.

आत्याच सगळ्यात आधी सावरली. लग्नाआधी ती वर्षभर त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती. तिने आवाज न काढता, ओठ ताणून काहीतरी म्हटलं.

"तुझी साडी चांगली नाही," दादा म्हणाले. "विचारलंस म्हणून सांगतो."

"मी म्हणत नव्हते का!" आत्या ओरडली. "माझ्याशी तो नीट बोलतो, नीट बोलतो! कोणी ऐकलं माझं?"

"मग सांगायचं होतं ना, ओठ बघतो म्हणून!" साहेब तिच्यावर खेकसले.

"मला काय माहीत? मी आपली त्याच्याशी बोलायची तशीच बोलते. सवय आहे!"

"बाबा," सून म्हणाली, आणि मग थांबून, त्यांच्यासमोर येऊन, पुन्हा म्हणाली. "बाबा. तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुम्हाला माहीत नव्हतं?" दादांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटत होतं. "तिला माहीत होतं."

सुनेला हसू की रडू ते कळेना. तिचा संताप संताप झाला, आणि तो संताप कोणावर काढावा हेही कळेना. गेलेल्या सासूवर काढता येत नाही. डॉक्टर इथे नव्हता. स्वतःवर काढायचा तर भांडी घासताना पाठ करून ओरडलेला प्रत्येक रविवार तिला आठवायला लागला. तिने साहेबांचा फोन उचलला आणि निवासाच्या बाईंना सांगून टाकलं, येऊ नका. का, म्हणून त्यांनी विचारलं. "आमचंच काहीतरी बिघडलंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. "दाराच्या घंटीला दिवा जोडून घेते उद्याच. आणि ती किटली तर मी आता खरंच फेकणार आहे."

"मला पटत नाही," साहेब म्हणाले. त्यांना पटलं होतं, आणि म्हणूनच ते अडून बसले. "अंदाजाने सांगत असेल. परीक्षा घेऊ या."

"परीक्षा झाली एकदा!" सून म्हणाली.

पण मुलगा उठला. कोणाला काही न सांगता त्याने वडिलांना हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, आणि स्वतः परत गॅलरीत येऊन दार लावून घेतलं. काचेपलीकडे उभा राहून तो वडिलांकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलले. आवाज काढायचा नाही असं ठरवलं होतं, तरी जवळ उभ्या असलेल्या बायकोला तो कुजबुजल्यासारखा ऐकू गेला.

"बाबा, मी शर्यतीत पहिला आलो."

दादा पुढे वाकले. "कधी?" त्यांनी आतून मोठ्याने विचारलं.

"चौथीत."

दादांचा चेहरा असा झाला की बघवेना. मग ते रागावल्यासारखे बोलले. "मग समोर येऊन सांगायचं ना, गाढवा!"

"तुम्ही हात धूत होतात." मुलाने काचेला कपाळ टेकलं. आता त्याचे ओठ कोणालाही वाचता आले नसते. बायकोने त्याच्या पट्टा बांधलेल्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात त्याने झटकला नाही.

साहेब तिथून हलले. ते मोरीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यांचं नेहमी असं व्हायचं. रडू यायला लागलं की त्यांना काहीतरी करून दाखवावं लागे. दादांचा वस्तरा फळीवर होता, साबणाची वडी होती, आणि आरसा होता तो इतका जुना की त्यात सगळेच आजारी दिसत. साहेबांनी आधी डाव्या कानातून काहीतरी काढून खिशात टाकलं आणि मग मिशीला साबण लावला. दादांनी त्यांना पहिल्यांदा दाढी करायला शिकवलं होतं ते अशाच एका आरशासमोर, कारखान्याची पाळी संपवून आल्यावर, डोळ्यांत झोप घेऊन. तेव्हा दादा त्यांच्या डाव्या बाजूला उभे होते आणि दोघं आरशात एकाच वयाचे दिसत होते.

ते बाहेर आले तेव्हा आत्या हसायलाच लागली. ओठावरची कातडी पांढरी फटक होती आणि बाकी तोंड पोहून पोहून रापलेलं.

"आता दिसतंय?" साहेब दादांसमोर खुर्ची ओढून बसत म्हणाले. "दादा, आता कळतंय मी काय बोलतो ते?"

"कळतंय. ओरडू नकोस, ओरडलं की ओठ वाकडे होतात."

"मी उद्याच माझ्या डॉक्टरांकडे घेऊन जातो तुला. कानाचे मोठे डॉक्टर आहेत. यंत्र मिळतं. अगदी छोटं, दिसतसुद्धा नाही..." बोलता बोलता त्यांनी खिशातून ते काढलं आणि दाखवायला तळहातावर ठेवलं. चण्याएवढं, कातडीच्या रंगाचं.

दादांनी ते चिमटीत धरून उजेडाकडे केलं. "कोणाचं आहे?"

"माझं."

"तुला ऐकू येत नाही?"

"थोडं कमी येतं. डाव्या कानाला. टीव्ही मोठा लावतो म्हणून घरी कुरकुर व्हायची."

"कधीपासून?"

"नोकरीत होतो तेव्हाच. दरवर्षी तपासणी असायची आमची, साहेब लोकांची. रक्त, डोळे, कान सगळं बघायचे. त्यात सापडलं."

"तपासणी आमच्याकडेही असायची," दादा म्हणाले. "मागांची."

कोणी हसलं नाही. दादांनाही हसवायचं नव्हतं. त्यांनी ते यंत्र स्वतःच्या कानापाशी नेलं, थोडं दाबून पाहिलं, आणि परत साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

"लागेल तुलाही," साहेब घाईने म्हणाले. "म्हणजे, इतकी वर्षं गेल्यावर कितपत उपयोग होतो ते डॉक्टरच... आधी आलो असतो तर... पण बघू. काहीतरी तर ऐकू येईलच."

"तिचा आवाज नाही येणार ना?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग राहू दे घाई." दादा त्यांच्या उघड्या पडलेल्या ओठाकडे बघत राहिले. रागावलेले नव्हते. एखादा अडलेला धागा कुठे अडलाय ते बघावं तसे बघत होते. "धाकट्या, एक विचारू? रोज सकाळी तू हे कानात घालतोस. ते घालताना एवढ्या वर्षांत एकदा तरी तुला वाटलं का, दादाच्या कानांचं काय झालं असेल?"

साहेबांचे ओठ उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. सून, मुलगा, आत्या, सगळे त्यांच्याकडे बघत होते, पण उत्तर या तिघांना नको होतं. ते ज्याला हवं होतं तो समोर पुढे वाकून बसला होता, आणि डोळे मिटायचं त्याच्या मनात दिसत नव्हतं.

"बोल ना," दादा म्हणाले. "आता तर मिशीही नाही."